रिठ्याच्या पाण्यातला पेन्यारोल

नागोया, रविवार सकाळ

तीर्थरूप सुप्रभाताईस,

धाकट्या कल्पनाचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, उठताना सूनबाईंना, म्हणजे मितालीला, हाक मारावी लागते.) तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच करते, नाहीतर ते रुसतील. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही खुशाल. पुष्कर कंपनीत, मिताली शाळेत शिकवायला, आणि मी घरातला कचरा जपानी नियमाने वेगवेगळ्या पिशव्यांत घालायला.

त्या कचऱ्याच्या जागीच वॉल्टर-सान भेटतात. खालच्या मजल्यावर एकटेच राहतात, ऐंशीला टेकलेत, मूळचे उरुग्वेचे. परवा असं बोचरं वारं सुटलं की त्यांनी आपला पिवळा-काळा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. (आपल्या शाळेतल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं असतं.)

आता उसनी वस्तू धुतल्याशिवाय आणि रिकाम्या हाताने परत करायची नाही, ही आपल्या आईची शिस्त. मी मफलर रिठ्याच्या पाण्यात घातला. पाणी काळं. दुसरं पाणीही काळं. तिसऱ्याला पिवळे पट्टे हळदीसारखे उजळले. वाळवला, घडी घातली, वर बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि ऐटीत खाली गेले.

वॉल्टर-साननी मफलर नाकाशी नेला आणि मटकन खुर्चीत बसले.

“धुतलात?”

“स्वच्छ!” मी म्हटलं.

मग ते बोलत राहिले आणि मी ऐकत. त्यांचा फुटबॉल क्लब पेन्यारोल. १८९१ साली माँटेव्हिडिओत, इंग्रज रेल्वे कंपनीच्या माणसांनी काढलेला (नावात तेव्हा चक्क क्रिकेट होतं!). पिवळा-काळा रंगही रेल्वेचाच. ताई, आपल्या बाबांच्या भुसावळच्या इंजिन-शेडमधल्या फिटर-फायरमननी हात धुऊन मैदानात उतरावं, आणि त्यांच्या क्लबाने पुढे तीनदा जग जिंकावं, असं झालं हे! तिसऱ्यांदा जिंकले ते १९८२ साली, टोकियोत. वॉल्टर-सान तेव्हा जहाजावर स्वयंपाकी. याच मफलरात ओरडले आणि जपानातच राहिले. १९८७ साली पुन्हा टोकियो: भर बर्फात, चेंडू चिखलात रुतलेला, जादा वेळेत हरले. मफलर मुळात वडिलांचा, रेल्वे कारखान्यातल्या. त्यांची तंबाखू, टोकियोचा बर्फ, सगळं त्या लोकरीत होतं. मी ते मोरीत सोडून दिलं.

बाबा गेल्यावर आईने घरातलं सगळं धुतलं, पण कोळशाच्या वासाचा त्यांचा कोट खुंटीवर तसाच ठेवला. आपण दोघी त्यात तोंड खुपसायचो. मोरीशी उभी असताना मला ते कसं गं आठवलं नाही?

आज त्यांचा सामना आहे (तिकडे अजून शनिवारची रात्र). मळक्या मफलराशिवाय पेन्यारोल हरणार, अशी त्यांची खात्री. मला बघायला बोलावलंय. पाहुणी म्हणून की आरोपी म्हणून, कळत नाही. देवाला दिवा लावून निघते. पत्र पोचेपर्यंत निकाल लागलेला असेल, तरी तू प्रार्थना कर.

तुझी घाबरलेली,
कल्पना

ता. क. जिंकलो! (बघ, ‘जिंकलो’ लिहिलं.) गोल झाला तेव्हा वॉल्टर-सान मफलरात तोंड लपवून रडले. वर पाहून म्हणाले, “आता याला आजचा वास आला.” लाडू मात्र एकही उरला नाही.

आणखी एक ता. क. पुढच्या सामन्याआधी मफलर पुन्हा धुऊन हवाय; धुऊन जिंकलो ना, म्हणून रिठ्याच्याच पाण्यात, बदल चालणार नाही म्हणे. माझे रिठे संपलेत. मितालीची बहीण सोनल पुढच्या महिन्यात पुण्याहून येतेय, तिच्याबरोबर किलोभर तरी पाठव. लोणचं राहिलं तरी चालेल. अजून अख्खा हंगाम आहे.