नावाचा रकाना

पेडगाव, ता. परभणी
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

चि. राजेश्रीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. तू पुण्यात सुखरूप असशीलच, काल रात्रीच बोललो आपण. रोज फोनवर बोलणारा बाप आज पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच "हं" म्हणतेस आणि मी लगेच ज्वारीवर येतो. पत्रात तुला "हं" म्हणता येणार नाही.

इकडे सगळं ठीक आहे. हरभऱ्याला घाटे चांगले धरलेत, पण रानडुकरं सुखानं खाऊ देतील तर शपथ. तुझ्या आईचा गुडघा दुखतोय आणि ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. तू महाशिवरात्रीला येतेस म्हटल्यावर सरपंचांनी शाळेत तुझा सत्कार ठरवलाय, हे मी सांगितलं होतं. फ्लेक्सवर काय छापणार आहेत, ते मात्र सांगितलं नव्हतं. 'आजीचे नाव आकाशात नोंदवणारी पेडगावची कन्या.'

कुठली आजी, कुठलं नाव, असं तू विचारशील. तेच सांगायला बसलोय. मघाशी तुझी आई दारात येऊन बघून गेली. "लिव्हलं का? का नुस्तं हरभऱ्याचंच लिव्हायलाव?" म्हणाली. तिला सगळं ठाऊक आहे.

दसऱ्यानंतर जिंतूरला आत्याकडे साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर आम्ही मंडपात बसलो होतो. आत्याचा दीर बन्सीधर, कापसाचा व्यापारी, त्याचं तोंड तुला माहीत आहे. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिनकरराव, पोरगी पुण्यात चांदण्या मोजती म्हणं. त्याचा पगारबी देतेत का? अन् मोजून सरल्यावर काय करनार?" सगळे हसले.

राजी, मीही हसलो.

तू मला एकदा सोडून दोनदा समजावून सांगितलं होतंस. आकाशातून रेडिओच्या लहरी येतात, त्या मोठमोठ्या तबकड्यांनी पकडायच्या. आकाशाचे पट्टे पाडून एकेक पट्टा तपासायचा. यंत्र ठिपके काढून देतं, मग तुम्ही बसून बघता, हा ठिपका खरा की नुसती खरखर. हे दोन शेजारचे ठिपके वेगळे, की एकाच दीर्घिकेचे दोन बाजूंचे पंख. मग त्याची नोंद. मी तीस वर्षं तलाठी होतो. मोजणी म्हणजे काय, बांध कुणाचा, एकाच्या जमिनीचे दोन तुकडे कसे ओळखायचे, हे मला सांगायची गरज नव्हती. मी तेवढंच बोललो असतो, तरी मंडपातल्या शेतकऱ्यांना तुझं काम समजलं असतं. पण मला लाज वाटली. तुझी लाज वाटली. कुणाची पोरगी डॉक्टर आहे म्हटलं की विषय संपतो. तुझं काम एका शब्दात सांगता येत नाही, तुझं लग्न नाही, आणि मी चार माणसांत मान खाली घालून बसलेला.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "एका ताऱ्याला तिनं माझ्या आईचं नाव दिलंय. कडूबाई. रीतसर नोंद झालीय."

बन्सीधर म्हणाला, "असं असतंय व्हय?" आणि सरकून मला गादीवर जागा करून दिली. मी बसलो. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

तुमच्या नोंदींत नावं नसतात, हे तू मला सांगितलं होतंस. आकाशातली जागा हाच ठिपक्याचा नंबर. मी "गट नंबरासारखं?" विचारलं तेव्हा तू "अगदी तसंच" म्हणाली होतीस. पण बाई, जन्मभर मी जिथं नंबर बघितला तिथं शेजारी नावाचा रकाना बघितला. सातबाऱ्यावर नंबर आहे आणि नाव नाही, असं मी कधी पाहिलंच नाही. मनात आलं, रकाना रिकामा असेल, कधी तरी भरतीलच. म्हणून ते खोटं मला फार मोठं वाटलं नाही.

मी एसटीतून उतरायच्या आधी बातमी पेडगावात पोचली होती. इथवर असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

दिवाळी झाल्यावर सुलाबाई आली. तिचा लेक परमेश्वर गेल्या उन्हाळ्यात देवगाव फाट्यावर गेला. मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. तुझ्या बारावीच्या परीक्षेला तुला परभणीला सोडायला जायचा तोच. जमिनीवरनं त्याचं नाव कमी करून सुनेचं आणि लेकराचं लावायचं होतं, त्या वारस नोंदीसाठी मीच पळालो होतो. सुलाबाई ओट्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, राजीला म्हणावं, एकाला माझ्या परमेश्वरचं नाव दे. ल्हानसा असला तरी चालंल. तिकडं लय हायत म्हणं."

मी "सांगतो" म्हणालो. पुढच्या बाजारी भेटली तेव्हा "झालं" म्हणालो. तिनं विचारलं, "कोणता?" आता काय करणार? संध्याकाळी अंगणात नेऊन पश्चिमेला लिंबाच्या वर एक ठळक चांदणी होती, तिच्याकडे बोट केलं. तुम्ही नोंदवता ते डोळ्यांना दिसतच नाही, हेही तू सांगितलं होतंस. पण सुलाबाईला दिसणारं हवं होतं.

तेव्हापासून ती रोज दिवा लावून अंगणात उभी राहायची. सुनेला दाखवलं, नातवाला दाखवलं. तुझी आई म्हणाली, सुलाबाई जरा जेवायला लागलीय. मी मनाला समजावलं की यात कुणाचं काही बिघडलं नाही.

राजी, जमीन जागची हलत नाही. चांदण्या हलतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ती चांदणी रोज थोडी थोडी खाली गेली आणि संक्रांतीनंतर मावळतीच्या उजेडात दिसेनाशी झाली.

परवा सुलाबाई आली. बसली नाही. "भाऊ, नाव कमी केलं का?"

मी म्हणालो, "अहो, चांदण्या हलतात."

"बाकीच्या हालतेत, ते मला कळतंय. सप्तर्षीची बाज हालती, मिरगाचं तिकांडं हालतंय. पर नोंद झालेली कशी हालंल?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "सातबाऱ्यावरचं कमी केलं तसं तिथलंबी केलं असंल. कुणी तर तिकडं कळवलं असंल, का तो पिऊन गाडी चालवायलता. लोक बोलतेत, मला म्हाईत हाय. भाऊ, माझा लेक पिलेला नव्हता. दवाखान्यात मी त्याचं तोंड हुंगलंय. राजीला एवढं सांगा."

त्यावर तुझा बाप काय म्हणाला माहीत आहे? "चौकशी करतो." नोकरीत ज्याला वाटेला लावायचं असे त्याला मी हेच म्हणत आलो. तेच त्या माऊलीला म्हणालो, आणि ती "बरं भाऊ" म्हणून गेली.

तुझ्या आईनं आतून सगळं ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "पोरीला तुमी कळवा, न्हाईतर मी कळवते. पर आदी सुलाबाईच्या दारात जाऊन या." कालचा दिवस मी नुसता शेतात काढला.

*

इथवर लिहून उठलो आणि जाऊन आलो.

सुलाबाई ओसरीत तूर पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. "सुलाबाई, नाव कमी झालं नाही. ते कधी लागलंच नव्हतं. आईच्या नावाचंही खोटं. राजीला यातलं काही माहीत नाही, मी खोटं बोललो."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे पिलेला व्हता म्हणून काडलं न्हाई?"

"नाही."

"तिकडं कुणी काय सांगितलं न्हाई?"

"कुणी नाही."

तिनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. मला वाटलं, आता शिव्याशाप देईल. ऐकलं तर ती "बरं झालं माय, बरं झालं" म्हणत होती. राजी, तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी निवांत घरी आलो असतो.

मी वळलो तेव्हा तिनं हाक मारली. आवाज चढवला नाही. "राजी शिवरातीला येनार हाय ना? तिला म्हणावं, घरी ये. तिचं काय न्हाई ह्यात." आणि पुन्हा सूप हातात घेत म्हणाली, "तुमी नका येऊ."

सत्काराचं मोडायला आता सरपंचांकडे निघालोय. गावाला कारण विचारल्यावर खरं तेच सांगेन. जिंतूरलाही जाईन. तू माझ्यावर रागावशील, रागाव, पण येणं रद्द करू नकोस. आलीस की पिशवी ठेवून आधी सुलाबाईकडे जा. तिच्या दारापर्यंत मी तुझ्याबरोबर येईन. आत तू एकटीच जा.

तुझा अपराधी,
बाबा