दादाची समाधी

दि. ४ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. तुझ्या दादाला समाधी लागली. एकदा नव्हे, महिन्यात तीनदा. आमच्या ध्यानवर्गाचे गुरुजी सांगतात, आधी सविकल्प समाधी. तिथे मी ध्यान करतोय एवढं भान शिल्लक असतं. मग निर्विकल्प, तिथे तो मीसुद्धा विरघळतो. लोकांचे जन्म जातात म्हणे. मी मधल्या पायरीवर न थांबता थेट वर. परवा तर दुकानात एका बाईंच्या चष्म्याची काच घासता घासता सगळं मावळलं. काच नाही, बाई नाही, मी नाही. डोळे उघडले तर बाई पाण्याचा ग्लास धरून उभ्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं, पण त्या चष्मा तसाच घेऊन निघून गेल्या.

गुरुजींना अजून बोललो नाही. त्यांना स्वतःला लागलेली नाही, उगीच वाईट वाटेल. तुझ्या वहिनीला मात्र कशाचंच अप्रूप नाही.

तुझा, दादा


दि. ९ जून

ती. दादास, शि. सा. न.

पत्र वाचून खूप हसले, मग हसू आपोआप थांबलं. वीस वर्षं हृदयरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून विचारते, रागावू नकोस. त्या वेळी चेहरा पांढरा पडतो का? आधी घेरी येते का? तू काच फिरत्या चाकावर घासतोस. त्यात बोटं गेली तर ती कोणत्या समाधीने परत येणार? शिवाय समाधीचा आणखी एक अर्थ असतो, तिच्यावर लोक फुलं वाहतात. ती मला इतक्यात नको.

पुढच्या वेळी वहिनीला जवळ बसव आणि नाडी मोजू दे. गुरुजींनाही सांग. वाईट वाटलं तर वाटू दे.

उत्तराची वाट पाहणारी, धाकटी


दि. १७ जून

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

यांनी लिहिलं नसतं, म्हणून मीच लिहिते. काल सकाळी हे ध्यानाला बसले, मी घड्याळ घेऊन शेजारी. दहा मिनिटांनी चेहरा कागदासारखा झाला, मान कलली. नाडी लागेचना. मग लागली ती मिनिटाला चौतीस. यांना वाटलं युग लोटलं. घड्याळात अर्धं मिनिट झालं होतं.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, मिळालेली समाधी यंत्राला दाखवून घालवायची नाही. अडूनच बसले. शेवटी मी गुरुजींना घरी आणलं. त्यांनी सगळं ऐकून मलाच विचारलं, हे उठतात तेव्हा कसे असतात. मी खरं ते सांगितलं: थकलेले, गोंधळलेले, आणि चहा गार झाला म्हणून माझ्यावर डाफरणारे. गुरुजी म्हणाले, समाधीत मीपण जातं, जाग जात नाही. जाग गेली तर तो लय, म्हणजे मनाची झोप. ती ध्यानातली अडचण, यश नव्हे. आणि नाडी चौतीस असेल तर तो सरळ आजार.

यांनी गार झालेला चहा न डाफरता पिऊन टाकला. मग उठून चपला घातल्या. आज दवाखान्यात दाखल केलंय, गुरुवारी पेसमेकर बसवणार आहेत. तुम्ही आलात तर मला धीर येईल.

तुमची, वहिनी


दि. ६ जुलै

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळलं. तू गेल्यावर दवाखान्यातल्या नर्सनी सुटकेचा निःश्वास टाकला. छातीतलं यंत्र इमानाने चालतंय. काल पुन्हा ध्यानाला बसलो. दुखरा गुडघा, शेजारचा रेडिओ, दुकानातल्या फ्रेमा, सगळं डोक्यात फिरत राहिलं. गुरुजी म्हणाले, उत्तम, म्हणजे जागे आहात. आता पहिल्या दिवसापासून सुरू करा.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनला नेताना आपण शांत असू असं वाटलं होतं. पण तुम्ही दोघी दाराशी मागे राहिलात आणि मला रडू फुटलं. तुला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं. मरणाचं नव्हे गं. तुम्ही पुन्हा दिसाल की नाही, त्याचं. हे गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, अगदी वर जायचं तर एक दिवस हा लोभही सोडावा लागतो. मी विचारलं, मग बहिणीला पत्र लिहिताना शेवटी ‘लोभ असावा’च्या जागी काय लिहू? ते म्हणाले, एखादं जादा पाकीट असेल तर मलाही द्या. त्यांनाही एक बहीण आहे.

लोभ काही सुटला नाही. तूही सोडू नकोस.

तुझा, दादा