मिस झालं की मिस केलं

३ एप्रिल
पावसला जाणारी सातची एस.टी. मिस. वडापच्या जीपने पोचले तोवर प्रार्थना संपलेली. छोट्या गटातली पोरं दिवसभर 'मिस, मिस' करून डोकं खातात. त्यात आमची मनूपण. घरी आई, शाळेत मिस. आज शू लागली तरी सांगेना, म्हणे मिस ओरडतात. दमले.
संध्या. सातला मस्कतहून ह्यांचा मिस कॉल. दोन रिंगा म्हणजे बरे आहेत. उचलायचा नाही, ड्यूटीवर बोलता येत नाही.

९ एप्रिल
हे तेराला पोचणार. जाऊन दोन वर्षं, एक महिना झाला. सासूबाईंनी कोळणीला सुरमई सांगून ठेवली. "काय गो, खूश ना?" खूश आहेच हो, पण आधी झोप हवी.
मनू : "बाबा खरे केवढे आहेत?" म्हटलं, मोबाईलपेक्षा मोठे.

१२ एप्रिल
मधल्या सुट्टीत ह्यांचा मेसेज. दोनच शब्द : 'मिस केलं.'
ह्या माणसाने लग्नानंतर असलं काही लिहिलेलं नाही. वह्या तपासता तपासता डोळे भरले. 'मीपण' लिहिलं, पुढे लाल बदाम. लाज वाटली, तरी पाठवला.
संध्या. फोन. "मीपण काय? अगो, विमान मिस केलं मी."
"मिस झालं की केलं?"
"तेच ते गो. घरात शाळेतला बाईपणा नको करू." मग, "साहेब म्हणतोय, अजून वर्षभर राहा."
तेच ते कसं? झालं म्हणजे वाटेत अडकले. केलं म्हणजे

१३ एप्रिल
सुरमई आली. सासूबाईंना सांगितलं, विमान मिस झालं. 'केलं' म्हणायला जीभ वळेना. "होतं गो असं. दुसरं असेल की." मनू विचारते, विमानपण एस.टी.सारखं न थांबता जातं का. हो म्हटलं.
राग आलाय. भांडायलाही त्राण नाही.

१५ एप्रिल
सातला फोन. दोन रिंगा. मग तिसरी, चौथी. ह्यांनी कट केला नाही. बोलायचं असणार. मी भाकरीचं पीठ मळत होते. हात भरलेले खरे, पण करंगळीनेसुद्धा उचलता आला असता.
वाजून वाजून थांबला. स्क्रीनवर : एक मिस कॉल.
झाला की केला, ह्यांनी विचारलं तर काय सांगू?