यांचं बोट, माझी शुगर

३ नोव्हेंबर
मी पणजी होणार! माझ्या नातीला, तनयाला, फेब्रुवारीची तारीख दिलीय. तिचं घर वाघोलीला, दवाखाना तिकडचाच, म्हणजे बाळंतपणाला बिबवेवाडीत यायची नाही. तिच्या आईला, म्हणजे आमच्या सूनबाई उल्काला, ऑफिसातून एवढी रजा कुठली? मग जाणार कोण? मी! बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारं आता राहिलंय कोण?
फक्त शुगरचं झेंगट आहे. डॉक्टर म्हणाले, आजी, रोज सकाळी उपाशीपोटी मशीनवर बघा. फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करू. सातच्या खाली आली तर खुशाल जा. आत्ता साडेआठ आहे. दीडच तर उतरवायचाय. दीड म्हणजे काय, आमटीतलं मीठ.

४ नोव्हेंबर
निश्चय. साखर बंद. संध्याकाळी फिरणं.
चहात गूळ घातला. गूळ म्हणजे साखर नव्हे.

५ नोव्हेंबर, सकाळी ७
बोटाला सुई टोचायची. दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. उल्का ऑफिसला जायच्या आधी आकडा मागते. हे शेजारी पेपर वाचत होते. एकदम सुचलं! लग्न झाल्यापासून दोघं एकाच कुकरमधलं खातोय. वरण तेच, भात तोच. मग साखर वेगळी कुठून येणार? म्हटलं, अहो, जरा बोट द्या. पेपरातून डोकं न काढता दिलं.
९६! उल्काने लगेच डॉक्टरांना कळवलं. त्यांनी फोनवर अंगठा पाठवला.

२० नोव्हेंबर
९९. डॉक्टर गोळी वाढवणार होते, आकडे बघून म्हणाले, राहू द्या. खालच्या कुसुमलाही शुगर आहे. तिने विचारलं, कसं जमवता हो? म्हटलं, नियम पाळते. हे म्हणाले, नियम डाव्या हाताचा की उजव्या? मी ऐकलंच नाही.

१४ डिसेंबर
डिंकाचे लाडू केले. बाळंतिणीसाठी आत्तापासून हात बसायला हवा. गूळ बेताचा पडलाय का ते चाखल्याशिवाय कळतं होय? आणि एका लाडवावरून काही ठरवता येत नाही. डब्यातला वरचा वेगळा लागतो, तळचा वेगळा.
फिरायला उद्यापासून. थंडी फार आहे.

६ जानेवारी
रात्री तहान तहान होते, सारखं उठावं लागतं. यंदा हवाच कोरडी. आकडा १०१. हे कुरकुरले, शुगर तुझी आणि चाळण माझ्या बोटांची! म्हटलं, पणजोबा व्हायचंय ना? आलं बोट पुढे.

२ फेब्रुवारी
मुलगी झाली! फोटो पाहिला. नाक यांच्यावर गेलंय, बिचारी. बॅग भरली. उद्या तपासणी, की परवा वाघोली.

३ फेब्रुवारी
लॅबची मुलगी घरी आली. मी यांना हाक मारली. ती म्हणाली, आजी, रक्त तुमचं हवंय. काढ बाई. तीन महिने नियमात गेलेत, मला कसली भीती?

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
साडेनऊ आली.
डॉक्टर बुचकळ्यात. रोजचा आकडा शंभर, मग सरासरी एवढी कशी? मला समजावलं, मशीन त्या वेळेपुरतं सांगतं, ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगते. सगळं म्हणजे डिसेंबरसकट. उल्का म्हणाली, मशीनच बिघडलंय, नवीन आणते. तेव्हा हे म्हणाले, मशीन उत्तम आहे. बोट माझं आहे.
मी पंख्याकडे बघत बसले. उल्का म्हणाली, अहो आई, डोळे जातात याने! डॉक्टर तर हसलेसुद्धा नाहीत. औषध बदललं. साखर ताब्यात येईपर्यंत जागरण नाही, वाघोली नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी ७
वाघोलीला हे गेले. तनयाजवळ दिवसा कुणीतरी हवं, आणि यांची शुगर उत्तम असल्याचा तीन महिन्यांचा पुरावा डॉक्टरांकडेच आहे. पेज कशी करतात ते यांना ठाऊक नाही. बाळाला पेपर धरल्यासारखं धरतात, असं तनया म्हणाली.
मशीन काढलं. सवयीने हाक मारली, अहो, बोट द्या.
घरात माझंच उरलंय.