रुखमाबाईचं गप्प राहणं

केळापूर,
१२ नोव्हेंबर २००५

तीर्थरूप धम्मदीपदादास धाकट्या ममताचा जयभीम.

वि. वि. इकडे सगळं ठीक असं लिहिणार होती, पण तुले खोटं कायले लिहू. नाल्याकडे वाघ आला आहे. परवा शेजारच्या बाबारावची गाय मारली. भीतीनं वेचणीले बाया येत नाहीत. विशाखाचे बाबा लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाले गेले, म्हणून मी एकटीच कापूस वेचून राह्यली. मागच्या साली काही पिकलं नाही. यंदाचा सोडता येत नाही.

वाघापेक्षा मले आपल्या आईची काळजी आहे. तिनं विशाखाची शाळा बंद केली. काल पोरीचा पाय लुगड्यानं खाटेले बांधून ठेवलता. अन् आठ वर्षांची पोर, वाघ कधी पाह्यला नाही, पण तुरीत वारा सळसळला की तिची दातखीळ बसते. आईले विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करते. तुले काही ठाऊक आहे काय?

वेळेवर जेवत जा. आम्हाले विसरू नको.

ममता


सुरत,
२० नोव्हेंबर २००५

चि. ममतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि माग बंद करून बसलो. आपली आजी, आईची माय, वाघानं नेली. आई तेव्हा सात वर्षांची, शेजारच्याच ओळीत कापूस वेचत होती. ओरडली नाही. लोक म्हणाले, रुखमा ओरडली असती तर माय वाचली असती. आजोबा तिला घेऊन दारव्ह्याला आले, मागचं गाव पुन्हा पाहिलं नाही. मी सुरतेला निघालो तेव्हा आईनं एवढं सांगितलं, अन् म्हणाली, जिथं झाड नाही तिथं राह्य.

तुझं लग्न जंगलाकाठी ठरलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. स्थळ चांगलं होतं, मी गप्प बसलो.

दोघींना इकडे पाठव. खोली लहान आहे, पण खिडकीतून नुसती भिंत दिसते.

जिवाला जप.

तुझा दादा


केळापूर,
१ डिसेंबर २००५

तीर्थरूप दादास जयभीम.

तुझं पत्र आईले वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, वाघानं खांदा धरलता, तरी मायनं माह्याकडे पाहून ओठावर बोट ठेवलं. पन्नास वर्षं काहून सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, तू काहून वरडली नाही, असं कोणी विचारलंच नाही.

विशाखा उंबऱ्यात उभी होती. तिनं विचारलं, आजी, मग वाघ आला तर मी वरडू का चूप राहू. आईनं तिले मांडीवर ओढलं. मी दोघींचं बोचकं बांधाले घेतलं.

११ तारखेले, रविवारी, दोघींले गाडीत बसवते, स्टेशनवर ये. मी राह्यते, अर्धं वावर वेचायचं आहे.

पोरगी तुलेही तेच विचारेल. काही सांगता आलं तर सांग. माझ्यावरचा लोभ आता तिच्यावर ठेव.

ममता