अंकुशराव मुन्शींची गरम खोली

बीदर, १२ डिसेंबर १९३५
थंडीनं हैराण. फायनल निर्णय : खोली सायंटिफिक पद्धतीनं गरम करायची. जुनी वर्तमानपत्रं आणि खळ आणली. खिडकीच्या फटी, दाराच्या चिरा, सगळं बंद. मुंगीलासुद्धा आता परवानगी काढावी लागेल.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
खाटेजवळ कोळशाची शेगडी. सौ. सत्यभामा म्हणाली, "खिडकी कामून बंद करायलात? निखारा कोंडला की जीव घेतो." समजावलं की धोका धुरात असतो, लालभडक निखाऱ्याला धूर न्हाईच. बाईला लॉजिक न्हाई. कागद फाडून गेली. मी परत चिकटवला. डबल.

१५ डिसेंबर
डोकं जड, मळमळ. शेजारच्या पार्वतम्मांच्या वांग्याचा दोष. कचेरीत पोचेस्तोवर बरं वाटलं. चालण्यानं वांगं पचतं, हे सिद्ध.

१६ डिसेंबर
मांजर खोलीत पाऊल टाकत न्हाई. कृतघ्न.

१७ डिसेंबर
सासूबाई, नागूबाई, औरादहून आल्या. जावयाचा मोठेपणा दाखवायची संधी. दुपारच्या जेवणानंतर त्यांना आडवं व्हायला गरम खोली दिली, शेगडी स्वतः भरली, दार घट्ट ओढलं.

१८ डिसेंबर
काल सासूबाई दुपारच्या चहाला उठेनात. सौ.नं दार ढकललं आणि किंचाळली. मी धाडसानं आत शिरलो. नंतर अंगणात होतो. मधलं आठवत न्हाई. शेजारी रेवणसिद्धप्पा सांगतो, सौ.नं आईला ओढलं आणि त्यानं मला, पायाला धरून. अतिशयोक्ती. डॉक्टर म्हणाले, "कोंडलेल्या निखाऱ्याच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघंही गेली असती." म्हणजे चूक दिसण्यासारखी नव्हतीच! तासाभरानं सासूबाईंनी डोळे उघडले. सौ. हुंदके देऊन रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी. धुरानं.

२० डिसेंबर
सासूबाई ठणठणीत. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरीला ह्यांच्या भरवशावर कशी सोडू? उन्हाळा लागेस्तोवर हितंच ऱ्हाते." खोली त्यांना. खिडकी सताड उघडी. मी ओसरीवर. शेगडी पेटणार ती अंगणातच. लोकांना शेगडीवर व्याख्यान द्यायचा विचार आहे. आवाज बसलाय, म्हणून तहकूब.

२१ डिसेंबर
सकाळी अंगणात हात शेकायला बसलो. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "जावईबापू, आधी दार उघडा!" वर नुसतं आभाळ होतं, हे नम्रपणे सांगितलं. "मला शिकवू नका. उघडा!"
उठलो. फाटक उघडलं.