सावनीची नळी

औरंगाबाद, मे २०१६

दादा,

हे तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

सावनीच्या तेराव्याला तू माझ्या नवऱ्याला, भारतला, हाताला धरून पंगतीत बसवलंस. मेंढरांमागच्या माणसाशी लग्न केलं म्हणून सात वर्षं तू मला फोन केला नव्हतास. परवा म्हणालास, "चुकलो गं मी."

दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी दुपारी तिच्या रक्ताची नळी लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आली. नाव वाचलं, वय नऊ, वडिलांचं नाव वरद, म्हणजे तुझं. त्या रक्तात मला रंगीत अँटिबॉडी घालायच्या होत्या. त्यांतल्या कोणत्या अँटिबॉडी पेशींना चिकटल्या ते मशीन दाखवतं, आणि त्यावरून ब्लड कॅन्सरचा प्रकार ठरतो. दोन-तीन तासांचं काम.

मी नळी स्टँडला लावली आणि तुझ्या फोनची वाट पाहिली. बहीण याच लॅबमध्ये आहे हे तुला माहीत होतं. शुक्रवारीही तू केला नाहीस.

शनिवारी मशीन लावलं. पहिल्याच दिवशी औषध सुरू झालं तर मूल बहुतेक वाचतं, उशीर झाला तर रक्तस्रावानं जातं, तोच प्रकार निघाला. रिपोर्ट छापेपर्यंत ती गेली होती.

सगळ्यांना सांगितलं, नऊ दिवस नळाला पाणी नाही, मशीनसाठी डिस्टिल्ड वॉटर बनवता आलं नाही. यंदाच्या दुष्काळात हे कुणालाही पटतं. तूही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पावसाला शिव्या दिल्यास.

डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरलेला होता, दादा.

हिमानी